पाच कोंबड्यांचे आवार

(हिंदूराव, दिल्ली येथे बागप्रेमी नागरिकांपुढे दिलेले व्याख्यान)



घराच्या बागेत चार-पाच कोंबड्या पाळाव्यात असा विचार मनात आला की पहिला प्रश्न जागेचा विचारला जातो. एका कोंबडीला किती चौरस फूट जागा लागते? याचे उत्तर कुक्कुटपालनाच्या कोणत्याही पुस्तिकेत मिळते, आणि मीही ते यथावकाश सांगणार आहे. परंतु त्याआधी आणखी एक प्रश्न विचारणे आवश्यक आहे, जो सहसा कोणी विचारीत नाही. आपण घरात नसताना आपल्या बागेत कोण येते?

कोंबडीला आत ठेवणे ही फार अवघड गोष्ट नव्हे. दिवेलागणीला ती आपण होऊन खुराड्यात शिरते आणि जेथे सावली, पाणी व दाणा आहे तेथून दूर जाण्याची तिला इच्छा नसते. खरी अडचण बाहेरच्यांना बाहेर ठेवण्याची आहे. कुंपणाची उंची, जाळीच्या छिद्राचे माप, पायाची रचना, दाराची कडी ही सारी मापे कोंबडीच्या अंगावरून न घेता तिच्या शत्रूच्या अंगावरून घ्यावी लागतात. शत्रू मात्र गावोगाव निराळे असतात. म्हणून आज सर्वसाधारण बागेविषयी न बोलता मी हिंदूरावच्या या टेकडीलगतच्या बागेविषयीच बोलेन.

या टेकडीचे नाव मराठी कानाला परके वाटत नाही आणि ते वाटण्याचे कारणही नाही. कोल्हापूरजवळील कागलच्या घाटगे घराण्यातील हिंदूराव हे सर्जेराव घाटग्यांचे पुत्र आणि ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याने टेकडीवर एक प्रशस्त घर बांधले होते. १८३५ मध्ये फ्रेझरचा खून झाला आणि ते घर पुढे हिंदूरावांकडे आले. १८५७ च्या वेढ्यात ते इंग्रजी फौजेचे आघाडीचे ठाणे झाले, आणि आज त्या परिसरात रुग्णालय आहे. इतिहासाचा हा भाग बहुतेकांना ठाऊक असतो. आपल्या विषयाशी अधिक जवळची अशी एक वास्तू त्याच आवारात उभी आहे. पीर गैब या नावाने ओळखली जाणारी ही चौदाव्या शतकातील इमारत फिरोजशाह तुघलकाच्या शिकारीच्या महालाचा अवशेष मानली जाते. सुलतानाने शिकारीसाठी ही टेकडी निवडली, कारण येथे जनावरे होती. मोठी जनावरे गेली. लहान जनावरे मात्र अद्याप येथेच आहेत. अरवलीच्या या टोकावर विलायती कीकराचे दाट रान माजले आहे आणि त्या रानाला लागून आपल्या बागा आहेत.

आता हे पाहुणे कोण ते पाहू. रात्री मांजर येते, भटकी कुत्री येतात, क्वचित कोल्हा येतो. घूस जमिनीखालून येते. ती कोंबडीला सहसा मारीत नाही, परंतु दाणा आणि अंडी पळविते, आणि तिने पाडलेल्या बिळातून साप आत येतो. दिवसा वरून घार, शिक्रा आणि कावळा यांची नजर असते. पूर्ण वाढलेल्या कोंबडीला त्यांच्यापासून फारसे भय नाही, पिलांना मात्र आहे. माकडे दिवसाच येतात. त्यांना कोंबडी नको असते. त्यांना अंडी आणि दाणा हवा असतो, आणि तो मिळविण्यासाठी ती छप्पर उचकटतात, साधी कडी उघडतात. घोरपडही अंड्यांच्या वासाने येते.

या सर्वांत ज्याच्याकडे सर्वात जास्त दुर्लक्ष होते तो प्राणी म्हणजे मुंगूस. सापाचा वैरी म्हणून आपण त्याचे कौतुक करतो, त्याचे दर्शन शुभ मानतो. पण कोंबड्या पाळणाऱ्याने त्याच्याविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. मुंगूस मुख्यतः दिवसा हिंडणारा प्राणी आहे. रात्री खुराडे घट्ट बंद केले की आपले काम संपले, असे समजणाऱ्याचे सर्वाधिक नुकसान हा प्राणी भर दुपारी करतो. बंद जागेत शिरलेला शिकारी प्राणी एक कोंबडी घेऊन निघून जाईलच असे नाही. समोर फडफडणारे पक्षी आहेत आणि त्यांना पळण्यास वाट नाही, अशा स्थितीत तो एकामागून एक मारीत जातो. पाचही कोंबड्या एका दुपारी जाऊ शकतात.

आपल्याकडे देशावर आणि कोकणात पिढ्यान्पिढ्या चालत आलेली पद्धत येथे का पुरी पडत नाही, हे यावरून स्पष्ट होईल. गावी कोंबड्या दिवसभर परसात, उकिरड्यावर, गोठ्याभोवती मोकळ्या चरतात आणि संध्याकाळी त्यांना डालग्याखाली झाकतात किंवा खुराड्यात कोंडतात. ही पद्धत उत्तम आहे, परंतु तिचा खरा आधार डालगे हा नसून परसात सतत असणारी माणसे हा आहे. कोणी भांडी घाशीत असते, कोणी धान्य वाळवीत असते, म्हातारी माणसे ओट्यावर बसलेली असतात, शिवाय घरचे कुत्रे असते. दिल्लीच्या नोकरदार घरात सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा या वेळात बागेत कोणीच नसते. म्हणून येथे रात्रीचे खुराडे जितके मजबूत हवे तितकेच दिवसाचे आवारही मजबूत हवे. ज्याला हे आवार बांधणे शक्य नाही त्याने कोंबड्या पाळू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

सापळा लावावा, मुंगसाला पकडून दूर सोडावे, असा उपाय कोणी सुचवील. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगूस आणि घोरपड या दोघांनाही संरक्षण दिलेले आहे. त्यांना मारणे किंवा पकडणे हा गुन्हा होतो. आणि कायदा क्षणभर बाजूस ठेवला तरी एक मुंगूस गेले की त्या जागी दुसरे येते, कारण रान तेथेच असते. तेव्हा आपल्या हाती राहते ते एकच, कुंपण.

कुंपणाचा विचार पायापासून करावा. पुस्तकांतून असे सांगितलेले असते की जाळी जमिनीत एक ते दीड फूट खोल पुरावी, म्हणजे खणणाऱ्या प्राण्यास आत येता येत नाही. यमुनेच्या गाळाच्या जमिनीत हे सहज शक्य आहे. येथे तसे नाही. या टेकडीचा खडक क्वार्टझाइटचा आहे आणि पुष्कळ ठिकाणी त्यावर मातीचा थर अगदी पातळ आहे. चार-सहा इंचांवर पहार खणखणू लागते. मग माणूस कंटाळतो, सहा इंचांवर काम थांबवितो आणि जाळीचा खालचा भाग कापून टाकतो. यापेक्षा जाळी खाली नेण्याऐवजी बाहेर न्यावी. कुंपणाच्या तळाशी दीड फूट रुंदीची जाळी काटकोनात वळवून जमिनीवर बाहेरच्या बाजूस अंथरावी, उभ्या जाळीला ती तारेने घट्ट शिवावी आणि वर दगड-माती पसरावी. खणणारा प्राणी कुंपणाच्या अगदी मुळाशी खणू लागतो. तेथे त्याला जाळी लागते. दीड फूट मागे सरकून खणावे हे त्याला सुचत नाही. पावसाळ्यानंतर या पट्टीवर गवत उगवते आणि ते तिला जमिनीशी बांधून ठेवते.

येथे दगडाला तोटा नाही म्हणून कोणास कोकणातल्यासारखा गडगा रचण्याचा मोह होईल. गडगा दिसण्यास देखणा असतो, परंतु दगडांमधील सांदी म्हणजे मुंगसाला आणि सापाला तयार घरच. दगडी पाया घालावयाचाच असेल तर सांधे चुन्याने किंवा सिमेंटने भरून घ्यावेत.

बाजारात कोंबड्यांची जाळी म्हणून जी षट्कोनी छिद्रांची पातळ जाळी मिळते ती कोंबड्यांना आत ठेवण्यासाठी आहे. कुत्रा तिला दातांनी फाडतो. जमिनीपासून तीन फुटांपर्यंत अर्ध्या इंचाच्या छिद्रांची, जस्त चढविलेली वेल्ड मेश वापरावी. ती महाग असते, पण काटकसर करण्याची जागा ही नव्हे. त्याच्या वर पाऊण इंच छिद्रांची षट्कोनी जाळी चालेल. खांब सहा ते आठ फुटांच्या अंतरावर असावेत आणि जाळी खांबांच्या बाहेरच्या बाजूने ताणलेली असावी, म्हणजे बाहेरून धडक बसली तरी ती खांबावर दाबली जाते, सुटत नाही.

उंची किती, हा प्रश्न नेहमी येतो. ऱ्होड आयलंड रेडसारखी जड कोंबडी चार-पाच फुटांच्या कुंपणावरून सहसा उडत नाही. व्हाइट लेगहॉर्नसारखी हलकी कोंबडी सहा फूटही पार करते. तिच्या एका बाजूच्या पंखाची लांब पिसे कापण्याचा रिवाज त्यासाठीच आहे. परंतु हिंदूरावच्या बागेत या चर्चेचे प्रयोजन उरत नाही, कारण येथे आवारावर वरूनही जाळी घालावीच लागते. मांजर कितीही उंच कुंपण चढते आणि माकडाला तर ती शिडीच होय. वरच्या जाळीसाठी नायलॉन वापरू नये. माकडे ती फाडतात. उंची सहा फूट ठेवावी. ती कोंबड्यांसाठी नव्हे, आपल्यासाठी. वाकून, मान मोडून झाडलोट करावी लागली की महिन्याभरात झाडलोट बंद पडते.

आता जागेकडे वळू. रात्रीच्या खुराड्यात प्रत्येक कोंबडीस तीन ते चार चौरस फूट जागा पुरते. दिवसाच्या आवारात दरडोई दहा चौरस फूट ही किमान मर्यादा समजावी आणि शक्य तितकी अधिक द्यावी. दाटीमुळे हवा बिघडते, परंतु त्याहूनही वाईट परिणाम स्वभावावर होतो. कोंबड्यांमध्ये मानाची उतरंड असते. कोण कोणाला टोचणार हे ठरलेले असते. नॉर्वेच्या थोर्लाइफ श्येल्डेरुप-एब्बे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ही गोष्ट प्रथम पद्धतशीरपणे नोंदविली. उतरंडीत तळाशी असलेल्या कोंबडीला वरचढ कोंबडीच्या नजरेआड जाण्यास जागा लागते. ती न मिळाल्यास टोचणे थांबत नाही, पिसे जातात, रक्त निघते, आणि रक्त दिसले की सगळ्याच टोचू लागतात. म्हणून आवारात एखादे आडवे फळकूट, एखादे झुडूप, एखादी उलटी टोपली असावी. मोकळे, स्वच्छ, चौकोनी मैदान माणसाच्या डोळ्यांना बरे दिसते. कोंबडीचा पूर्वज रानकोंबडा आहे. त्यातील लाल रानकोंबडा आजही शिवालिकच्या पायथ्याच्या जंगलात आढळतो. झुडुपांखाली चरणे आणि रात्री फांदीवर बसणे हा त्याचा धर्म. (आपल्या कोंबड्यांचे पिवळे पाय मात्र दक्षिणेतील करड्या रानकोंबड्याकडून आलेले आहेत, असे २००८ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून दिसून आले. हा पक्षी आपल्या सह्याद्रीतील. कागलच्या माणसाला दिल्लीत हे ऐकून बरे वाटले असते.) फांदीची ही सवय लक्षात घेऊन खुराड्यात जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर, दोन इंच जाडीची, कडा गोल केलेली दांडी लावावी. प्रत्येक कोंबडीस आठ ते दहा इंच दांडी पुरते. अंड्यांसाठी एक फूट लांब, एक फूट रुंद अशा दोन पेट्या पाच कोंबड्यांस पुरेशा आहेत. त्या दांडीपेक्षा खाली असाव्यात, नाहीतर कोंबड्या उंच जागा म्हणून पेटीतच झोपतात आणि ती घाण करतात.

पाच कोंबड्यांसाठी मी सुचविलेला आराखडा असा. पूर्व-पश्चिम २० फूट आणि दक्षिणोत्तर १० फूट असा आयत घ्यावा. उत्तरेच्या कुंपणाच्या मध्यभागी, आतल्या अंगाला, ५ फूट लांब व ४ फूट रुंद खुराडे बांधावे. खुराड्याच्या दक्षिण भिंतीपासून समोरच्या कुंपणापर्यंत जाळीचा पडदा घालून आयताचे दोन भाग करावेत. खुराड्याला पूर्वेस एक व पश्चिमेस एक अशी कोंबड्यांची दोन छोटी दारे ठेवावीत. एका वेळी एकच उघडावयाचे. प्रत्येक भागात सुमारे ९० चौरस फूट, म्हणजे दर कोंबडीस १८ चौरस फूट जागा मिळते. माणसासाठी खुराड्याचे दार उत्तरेकडून, बाहेरून असावे; आवाराला बाहेरून एकच दार आणि मधल्या पडद्यात दुसरे. बाहेरची दारे जितकी कमी तितकी विसरण्याची शक्यता कमी.

या आराखड्यात जाळी लागते ती ६१ फूट लांबीची. हेच २०० चौरस फूट भिंतीलगत ४० फूट लांब आणि ५ फूट रुंद पट्टीत बसविले तर ८६ फूट लागते. बागेच्या कडेची अरुंद पट्टी कोंबड्यांना देऊन टाकावी, असे पुष्कळांना वाटते. ती पट्टी फुकटची नसते.

दोन भाग कशासाठी? पाच कोंबड्या ९० चौरस फुटांतील गवत काही आठवड्यांत संपवितात. त्यानंतर त्या उकरतात, धुळीत लोळतात आणि जमिनीवर रोज सुमारे अर्धा किलो विष्ठा टाकतात. एकाच जागी वर्षानुवर्षे हे चालले तर जमिनीत जंतांची अंडी आणि रक्ती हगवणीचे बीज साठत जाते. चार-सहा महिन्यांनी कोंबड्या दुसऱ्या भागात न्याव्यात आणि रिकाम्या भागात मका किंवा ज्वारी पेरावी. मे-जूनचे दिल्लीचे ऊन रिकाम्या जमिनीची जी शुद्धी करते ती कोणत्याही औषधाने होणार नाही. मेथी-पालकासारख्या पालेभाज्या मात्र तेथे लगेच घेऊ नयेत. ताज्या विष्ठेने रोपे जळतात आणि रोगजंतूही पानांवर येतात; खुराड्यातील भुसा व विष्ठा वेगळी कुजवूनच वाफ्यांत घालावी.

दिशा मी मुद्दाम सांगितल्या आहेत. खुराड्याची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवली की सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन फक्त आखूड भिंतींवर पडते. पश्चिमेची भिंत भरीव असावी, कारण लू तिकडून येते. दक्षिणेची वरची अर्धी बाजू जाळीची ठेवून तिच्यावर दीड फूट पागोळी काढावी. डिसेंबरचे ऊन आत येते, जूनचे येत नाही. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणे एवढाच तिचा उपाय असतो आणि चाळीस अंशांपुढे तो अपुरा पडतो. दिल्लीत थंडीपेक्षा उन्हाने कोंबड्या अधिक दगावतात. म्हणून आवारावर कडुनिंबाची किंवा वेलाची सावली हवी. बाहेरून करवंदाचे कुंपण लावल्यास तेही चांगले, करवंद या टेकडीचेच झाड आहे; फक्त ते जाळीपासून दोन फूट दूर असावे, म्हणजे मधल्या जागेत कोणी दडले तर दिसेल. कण्हेर जवळ नको, ती विषारी आहे.

खुराड्याची जमीन फरशीची किंवा काँक्रीटची करावी, घुशीला दुसरा उपाय नाही. तिच्यावर भाताच्या तुसाचा किंवा लाकडाच्या भुशाचा चार ते सहा इंच थर पसरून तो वरचेवर हलवावा.

रोगाविषयी दोनच गोष्टी सांगतो, त्याही कुंपणाशी संबंधित आहेत म्हणून. मानमोडी या रोगाला भारतात रानीखेत हे नाव मिळाले ते कुमाऊंतील रानीखेतवरून. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे त्याची साथ ओळखली गेली. त्याची लस आहे आणि ती टोचून घेणे हा वादाचा विषय नव्हे. बर्ड फ्लूचे तसे नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिला उद्रेक झाला तो मोठ्या कुक्कुटशाळांत. पण पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यात तो परसातल्या कोंबड्यांत आढळला. चार कोंबड्या असलेल्या घरांनाही त्या गमवाव्या लागल्या. दिल्लीत जानेवारी २०२१ मध्ये बागांतून कावळे मरून पडले, संजय तलावावरील बदकांत विषाणू सापडला आणि गाझीपूरचा कोंबडीबाजार काही दिवस बंद ठेवावा लागला. जाळीतून रानपाखरू येत नाही, त्याची विष्ठा येते. म्हणून दाणा आणि पाणी ज्या ठिकाणी ठेवावयाचे तेवढ्या भागावर तरी पत्र्याचे किंवा कौलांचे भरीव छप्पर पाहिजे. उरलेला दाणा संध्याकाळी उचलावा. घूस, माकड आणि कावळा तिघांचेही आमंत्रण त्याने रद्द होते. आवारात मेलेला कावळा दिसला तर त्याला हात न लावता पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवावे.

शेजाऱ्यांचाही विचार आराखड्यातच करावयाचा असतो. खुराडे शेजाऱ्याच्या खिडकीपासून शक्य तितके दूर असावे, महापालिकेच्या हद्दीत परवानगीचे काय ते आधीच विचारून घ्यावे, आणि टेकडीच्या राखीव वनाच्या जमिनीत एक खांबही रोवू नये. कोंबडा पाळू नये. अंड्यांसाठी त्याची गरज नसते, फक्त पिलांसाठी असते. कोंबडे झाकले तरी तांबडे फुटायचे राहत नाही, असे आपण म्हणतो; झाकलेले कोंबडे आरवायचेही राहत नाही, आणि येथे रुग्णालयाभोवतालचा १०० मीटरचा टापू शांतता क्षेत्र मानला जातो.

आवार तयार झाले की कोंबड्या आणण्याआधी एका अंधाऱ्या रात्री एकाने खुराड्यात दार लावून बसावे आणि दुसऱ्याने बाहेरून विजेरी घेऊन भिंती, छप्पर व उंबरठा यांवरून सावकाश प्रकाश फिरवावा. जेथून उजेडाचा ठिपका आत येईल तेथे खडूने खूण करावी. हवेसाठी मुद्दाम ठेवलेल्या जागांवर जाळी आहे हे हाताने चाचपून पाहावे. बाकीच्या सर्व खुणा दुसऱ्या दिवशी बुजवाव्यात. बाहेरच्या दाराखाली अर्ध्या इंचापेक्षा अधिक फट राहू नये आणि प्रत्येक दाराला कडीबरोबर एक फिरकीचा आकडा असावा, जो माकडाला एका हाताने उघडता येणार नाही. त्यानंतर कोंबड्या आणाव्यात. पहिले सात-आठ दिवस त्यांना खुराड्यातच ठेवावे, दाणापाणी तेथेच द्यावे. मग एका दुपारी, घरात कोणीतरी असेल अशा दिवशी, सूर्यास्ताच्या दोन तास आधी पूर्वेचे छोटे दार उघडावे आणि त्या आपापल्या वेळेने बाहेर येतील तोवर थांबावे.